स्टुडिओतला फेडर वर केला की काटा हलतो का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पदवीनंतर प्रसारण पत्रकारिता शिकण्याबद्दल जो लेख आला, तो मी दोनदा वाचला. एकदा दुकानात, एकदा घरी धाकट्या लेकीला मोठ्याने वाचून दाखवताना. लेखाच्या शेवटी संस्थांची नावं आहेत, अर्जाच्या तारखा आहेत आणि 'आकर्षक व्यक्तिमत्त्व व कॅमेऱ्यासमोरचा आत्मविश्वास' हवा असंही म्हटलंय. ज्यासाठी आम्ही बापलेक यंदा चार महिने वणवण फिरलो, ते मात्र त्यात नाही. म्हणून हे पत्र. लांबलंय, त्याबद्दल आधीच माफी मागतो.

पत्रकारितेशी माझा काही संबंध नाही. सांगलीच्या आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड करून मी १९८६ साली तासगावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. आता रेडिओ महिन्याकाठी दोन-तीन येतात. बाकी सगळं एलईडी टीव्हीचे बोर्ड, मिक्सर आणि द्राक्षबागायतदारांचे फवारणीचे बॅटरीपंप. पण सांगली १२५१, पुणे ७९२, मुंबई ब ५५८ हे आकाशवाणी केंद्रांचे आकडे अजून पाढ्यासारखे तोंडात आहेत.

सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की दुरुस्त करून ठेवलेले सगळे सेट मी ओळीने लावून बघायचो. गाण्यावर कधी तपासलं नाही. गाण्यात खरखर लपते, बोलण्यात लपत नाही. 'श' आणि 'स' वेगवेगळे ऐकू आले की समजायचं, आयएफटी, म्हणजे रेडिओतली स्टेशन नेमकं पकडणारी कॉइल, नीट जुळली, आता झाकण लावायला हरकत नाही. वृत्तनिवेदिका सुधा नरवणे यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता, पण त्यांच्या उच्चारांवर मी किती सेट जुळवले त्याची गणती नाही. माझं प्रसारणाचं शिक्षण म्हणाल तर एवढंच.

धाकटीनं मराठी घेऊन बीए केलं. ती या वाटेला लागली ती २०१९ च्या पुरामुळे. तेव्हा ती दहावीत होती. तासगावला पुराचा धोका नाही, पण माझी बहीण सांगलीत गावभागात राहते. वीज गेलेली, केबल बंद, फोन लागेल तर लागेल. त्या आठवड्यात माझ्या दुकानातले जुने-नवे मिळून अकरा ट्रान्झिस्टर गेले, आणि पेन्सिल सेल तर तालुक्यात औषधाला मिळेनात. आमच्याकडे वीज होती, त्यामुळे टीव्ही चालू होता. पडद्यावर एक मुलगा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून 'सांगलीत हाहाकार, पाणीच पाणी' असं ओरडत होता. बहिणीला हवा होता एक आकडा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे? धोक्याची पातळी ४५ फूट, हे सांगलीतल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. त्यापुढे किती चढलं आणि कोयनेतून किती सोडलंय, यावरून माणूस ठरवतो की माळ्यावर जायचं की घर सोडायचं. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धाकटी वहीत तारीख, वेळ आणि फूट लिहून ठेवायची आणि फोन लागला की आत्याला शांतपणे वाचून दाखवायची. "आत्या, आयर्विन पूल, सकाळचे आठ, सत्तावन्न फूट." बहीण नंतर म्हणाली, त्या पोरीचा आवाज ऐकला की जिवात जीव यायचा.

(जाता जाता सांगतो. त्याच वर्षी बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'सत्तावन्न'ऐवजी 'पन्नास सात' असं वाचायची सोय केली, म्हणून केवढा गदारोळ झाला होता. आज बातम्या देणारी निम्मी मुलं 'फिफ्टी सेवन' म्हणून मोकळी होतात, त्यावर कोण बोलत नाही.)

तर यंदा पदवी झाली आणि पुढं याच विषयात शिकायचं तिनं ठरवलं. नातेवाइकांना एकच प्रश्न, "म्हणजे टीव्हीवर दिसणार का?" माझी मेव्हणी तर साड्या निवडायला बसली. मी म्हटलं, आधी शाळा तरी निवडूया.

आम्ही कागद घेऊन बसलो. दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था, म्हणजे आयआयएमसी, १९६५ पासूनची. तिथं रेडिओ आणि टीव्ही पत्रकारितेची एक वर्षाची पदव्युत्तर पदविका आहे. २०२४ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. दिल्लीतच जामिया मिलियाचं जनसंचार केंद्र आहे, त्याचंही नाव मोठं. चेन्नईचं एशियन कॉलेज ऑफ जर्नालिझम आहे, पण तिथला सगळा कारभार इंग्रजीत. पुण्यात विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग, म्हणजे रानडे इन्स्टिट्यूट, आमच्या जवळ कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा विभाग. आणि पुण्यातच सिनेमा-टीव्ही शिकवणारी एफटीआयआय. तिथल्या दूरदर्शन विभागात एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत आणि त्यातला एक ध्वनिमुद्रण व टीव्ही अभियांत्रिकीचा. तो वाचून माझेच डोळे चमकले. तिला म्हटलं, हे कर, दुकान तुझ्या नावावर करतो. ती म्हणाली, "बाबा, तुम्हीच अर्ज भरा." विषय संपला.

मार्चमध्ये तिनं सीयूईटी पीजी, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाची देशभरातली सामाईक परीक्षा, दिली. माझी पहिली तक्रार इथंच आहे. जनसंचार आणि पत्रकारितेची ही प्रवेश परीक्षा संगणकावर होते, प्रश्नांचे पर्याय निवडायचे असतात, चुकलं तर एक गुण कापतात. पेपर इंग्रजी आणि हिंदीत. मराठीत नाही. आवाज कोण ऐकत नाही, एक ओळ कोण लिहून घेत नाही. आकाशवाणीच्या प्रादेशिक वृत्त विभागात हंगामी वृत्तनिवेदक-भाषांतरकाराची जागा निघते, तेव्हा काय करतात? इंग्रजी मजकूर देऊन मराठीत उतरवायला सांगतात आणि मग माईकसमोर बसवतात. म्हणजे शेवटची चाळणी एक आणि दारावरची चाळणी भलतीच. मशीन घेताना रंग बघायचा आणि विकताना वजन करायचं, तसला प्रकार.

मराठीतून शिकायचं तर आयआयएमसीचं अमरावतीचं केंद्र आहे, तिथं मराठी पत्रकारितेची पदविका मिळते. मिरजेतून महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसायचं आणि थेट अमरावतीजवळच्या बडनेऱ्याला उतरायचं. मी आनंदानं पाठवीन. पण ती पदविका मराठी पत्रकारितेची, आणि रेडिओ-टीव्हीची वेगळी पदविका आहे ती दिल्लीला, हिंदी-इंग्रजीच्या पेपरातून आत जाऊन. मराठी आणि माईक या दोन्ही गोष्टी एका छपराखाली, नावानिशी, रोजच्या सरावासकट कुठे मिळतील, हे शोधता शोधता आमचे चार महिने गेले.

आता फिरतीबद्दल. नावं लिहीत नाही. कुणाचा धंदा बसवायचा नाही, आणि खरं सांगायचं तर दोन ठिकाणी तिचे अर्ज अजून पडून आहेत.

एका मोठ्या शहरातल्या खासगी संस्थेत गेलो. काचेचं दार, एसी, भिंतीवर नामांकित चॅनेलांच्या बोधचिन्हांच्या पाट्या. कौन्सेलर ताईंनी चहा दिला, फी सांगितली (साडेतीन लाख, वसतिगृह वेगळं) आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट' हे शब्द दहा मिनिटांत सात वेळा उच्चारले. धाकटीनं मोजले. मग स्टुडिओ दाखवला. हिरवा पडदा, टेलिप्रॉम्प्टर, अर्धगोल टेबल आणि आवाज जुळवायचा एक झकास मिक्सर, सोळा चॅनेलचा, म्हणजे सोळा वेगवेगळे आवाज घेणारा. माझा हात शिवशिवला. मी विचारलं, "एक फेडर वर करून बघू का?" ताई हसून म्हणाल्या, "हो की, बघा ना." फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची सरकती दांडी, वर केला. मीटर हलेना. म्हटलं, पॉवर असेल बंद. वाकून मागं बघितलं तर माईक जोडायच्या सगळ्या एक्सएलआर केबली गुंडाळून, रबर लावून ठेवलेल्या, त्यावर धुळीचा थर. सोळा चॅनेलांतल्या एकाचीही पिन आत गेलेली नव्हती. म्हणजे हा मिक्सर फक्त माहितीपुस्तकातल्या फोटोपुरता. मी काही बोललो नाही. बाहेर येऊन धाकटीला म्हटलं, "चल, एसटी मिळेल." तिला कळलं.

दुसरी जागा एका सरकारी विद्यापीठाच्या विभागात. इमारतीला रंग नाही, जिन्यात अंधार, संगणक माझ्या दुकानातल्यापेक्षा जुना. शिकवणारे सर तासिका तत्त्वावर, म्हणजे तास भरला तर पैसे आणि सुट्टी लागली की कोरडं. पण आम्ही गेलो तो वार योगायोगानं शुक्रवार, आणि शुक्रवारी त्यांचं दहा मिनिटांचं बुलेटिन असतं. सकाळी मुलं बातम्या गोळा करून आणतात, दुपारी लिहितात, चार वाजता लाल दिवा. हवेत काही जात नाही, फक्त ध्वनिमुद्रण होतं. पण चार म्हणजे चार. सर हातात स्टॉपवॉच घेऊन काचेपलीकडे उभे. एक मुलगा वाचत होता, एक मुलगी मिक्सरवर. नऊ मिनिटं झाली आणि मजकूर संपत आला. सरांनी बोटानं खूण केली, अर्धं मिनिट आहे, भर. त्या मुलानं घसा न खाकरता हवामान वाचलं, तापमान वाचलं आणि ठोक्याला थांबला. माझ्या अंगावर काटा आला. चाळीस वर्षं मी पलीकडच्या टोकाला होतो. हे टोक कसं असतं ते त्या दिवशी पाहिलं.

नंतर सरांनी धाकटीला एक वर्तमानपत्री बातमी दिली आणि म्हणाले, "ही ऐकण्यासाठी लिही." आपली माफी मागून नमुना देतो. छापलेलं वाक्य साधारण असं होतं: 'म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे आवर्तन येत्या सोमवारपासून सुरू करण्याबाबतचा निर्णय काल पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या बैठकीत घेण्यात आल्याचे सूत्रांनी सांगितले.' तिनं लिहिलं: 'म्हैसाळचं पाणी सोमवारपासून सुटणार आहे. काल झालेल्या बैठकीत हा निर्णय झाला.' सर म्हणाले, चांगलं आहे, पण 'सूत्रांनी' कुठे गेलं? सांगणारा कोण, ते नाव नसेल तर ऐकणाऱ्यानं मोटार चालू करायची की नाही? पालकमंत्री कापलेस, ठीक, पण मग बैठक कुणाची? दोन ओळींवर अर्धा तास चर्चा. तिचा चेहरा मी बघत होतो. साडीच्या दुकानात पोरींचे चेहरे होतात तसा झाला होता.

आता माझी दुसरी आणि मोठी तक्रार. त्या सरांना मी विचारलं, विद्यापीठांना स्वतःचं एफएम रेडिओ केंद्र काढता येतं, मग हे शुक्रवारचं बुलेटिन हवेत का जात नाही? अशा सामुदायिक रेडिओचा ट्रान्समीटर म्हणजे काय, शंभर वॅटचा मामला, पाच-दहा किलोमीटर ऐकू येतो. २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठानं देशातलं असं पहिलं केंद्र सुरू केलं. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' १०७.४ वर लागते. माणदेशात म्हसवडला बायकांनी चालवलेलं केंद्र आहे. सर म्हणाले, "सगळं करता येतं, फक्त बातम्या देता येत नाहीत." मला वाटलं मस्करी करतात. खरं आहे. आपल्या देशात सामुदायिक रेडिओ असो की खासगी एफएम, त्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुढं ऐकवता येतात. रस्त्यावरची कोंडी, हवामान, परीक्षेचे निकाल सांगता येतात, कारण सरकारच्या लेखी ती बातमीच नव्हे. २०२३ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकानं खासगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात अशी शिफारस केली होती. अजून काही हललेलं नाही.

म्हणजे बघा. पत्रकारिता शिकणारी मुलगी विद्यापीठाच्या रेडिओवर ओव्या लावू शकते, पाककृती सांगू शकते, पण 'आयर्विन पुलाजवळ पाणी इतके फूट' ही ओळ तिनं प्रशासनाच्या सूचनेवरून नव्हे, तर स्वतः काढलेली बातमी म्हणून दिली की नियम आडवा येतो. डॉक्टरकी शिकणाऱ्याला पेशंट मिळतो, वकिली शिकणाऱ्याला अभिरूप न्यायालय तरी मिळतं. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. आमच्या धाकटीला त्या मालमत्तेतली शुक्रवारची दहा मिनिटं द्यायला काय हरकत आहे, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

परदेशाचाही विचार करून झाला. दुकानाच्या शेजारच्या डॉक्टरांचा पुतण्या ब्रिटनमध्ये असतो. त्यानं कार्डिफ आणि लंडनमधल्या एमए अभ्यासक्रमांची माहिती पाठवली. तिकडे एक वर्षाचा अभ्यासक्रम. फी ऐकून मी इस्त्री गरम करायला ठेवली होती ती विसरलो, टेबल जळालं. आमच्या आवाक्यातलं नाही. पण एक गोष्ट मनात राहिली. तिथं बीजेटीसी नावाची संस्था आहे, तीत नभोवाणी आणि दूरचित्रवाणीवालेच बसतात आणि कुठल्या अभ्यासक्रमाला शिक्का द्यायचा ते ठरवतात. शिक्का हवा तर विद्यार्थ्यांकडून 'न्यूज डे' करून घ्यावे लागतात. म्हणजे सकाळी यायचं, बातमी काढायची, ठरलेल्या वेळेला बुलेटिन लावायचं, खऱ्या वृत्तकक्षात असतं तसं. आमच्या जिन्यात अंधार असलेल्या विभागातले सर तेच करतायत, फरक एवढाच की त्यांना शिक्का कोण देत नाही आणि सुट्टीचा पगारही.

संपादक महोदय, मागणं फार नाही. जूनमध्ये आपण संस्थांचे तक्ते छापता, त्यात फी, जागा आणि अंतिम तारीख असते. त्या तक्त्यात अजून चार रकाने घाला. विद्यार्थ्याला आठवड्यात किती तास माईक आणि कॅमेरा हातात मिळतो. वर्षभरात तो किती बुलेटिनं करतो, आणि कुठल्या भाषेत. शिकवणाऱ्यांपैकी किती जण कायम आहेत. मागच्या वर्षी बाहेर पडलेली मुलं आज नेमकी कुठे आणि काय काम करतात. 'नामांकित माध्यमसमूह' नको, काम लिहा, कारण स्क्रोल, म्हणजे पडद्याखालच्या पट्टीत मजकूर, टाकणं हेही काम आहे आणि वार्तांकन हेही, पण ती दोन वेगळी आहेत. आपल्या वार्ताहरानं एकेका संस्थेत जाऊन नुसता फेडर वर करून बघितला तरी निम्मा तक्ता भरेल. मला बोलवा, मी येतो. जाण्यायेण्याचं एसटीचं तिकीट द्या फक्त.

धाकटीचं म्हणाल तर तिनं पहिली पसंती कुठली दिलीय ते वाचकांना कळलं असेलच. तोवर घरचा अभ्यास चालू आहे. आमच्या घरी पत्र्याचा आवाज घुमतो, म्हणून ती वाकळ पांघरून, आत मोबाइल धरून आपल्याच वर्तमानपत्राचं पहिलं पान ध्वनिमुद्रित करते. चहाच्या मोठ्या गाळणीवर जुनी ओढणी ताणून मी तिला फुंकर अडवायची जाळी करून दिलीय, म्हणजे 'प' आणि 'फ' फुटत नाहीत. मेमधल्या उकाड्यात वाकळेखाली सहा मिनिटं वाचून बाहेर येते तेव्हा घामानं निथळत असते. मग मी ऐकतो. माझा डावा कान आता कमी काम करतो, म्हणून उजव्या कानाला लावतो. अजून तिचा 'ष' नीट लागत नाही. 'वर्षा' म्हणताना 'वर्शा' होतं. दोन दिवसांपूर्वी 'कृषी' मात्र स्वच्छ आला.

कृपया माझं नाव छापू नये. प्रवेशाची यादी लागायची आहे.

आपला,
एक रेडिओ दुरुस्त करणारा वाचक,
तासगाव, जि. सांगली

ता. क. लेखाबरोबर जे चित्र छापलंय, त्यातली मुलगी स्टुडिओतल्या कंडेन्सर माईकच्या वरच्या टोकात बोलताना दाखवलीय. तो माईक बाजूनं ऐकतो, वरून नाही. ज्या अंगाला कंपनीचं चिन्ह असतं, ती बहुतेक वेळा त्याची तोंडाची बाजू. पुढच्या वेळी चित्र काढणाऱ्यांना तेवढं सांगा.